निरंक

भूकंपानंतर वारणापुरात पाणी आलं तिसऱ्या दिवशी, वीज त्याच्याही नंतर. ध्वनिक्षेपक मात्र त्याच दुपारी सुरू झाले. मंडळांचे साउंड बॉक्स पत्र्याच्या बैठ्या गोदामांत असतात आणि बैठ्या पत्र्याला भूकंप फारसं काही करत नाही. पडल्या त्या चार-पाच मजली इमारती, ज्यांच्या तळाशी भिंतींऐवजी नुसते खांब उभे करून गाड्या लावायची सोय केली होती. वर सगळ्या भिंतींचं वजन, खाली काड्या. जमीन हलली की अशी इमारत गुडघ्यांत मोडते. हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. शहरातल्या बऱ्याच बिल्डरांनी दुसरं वर्ष पाहिलंच नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी अधिक इमारती बांधल्या होत्या.

मी भूभौतिकी शिकले आणि गेली काही वर्षं 'कानोसा' या यंत्रणेवर काम करते. भूकंप सकाळी झाला, त्याच संध्याकाळी मी पुण्याहून वारणापुरात पोचले. हे माझं माहेर. माझा मोठा भाऊ श्रेणिक मगदूम, सगळ्या गावाचा अण्णा, इथला नगरसेवक, आणि त्याची बायको, माझी पद्मजावैनी, त्यांच्या 'पद्मावती पार्क' या इमारतीखाली होती.

कानोसा कसा चालतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शहरातल्या प्रत्येक रस्त्याखाली इंटरनेटसाठी काचेच्या तंतूंची केबल पुरलेली असते. त्या तंतूत आपण प्रकाशाचे ठोके सोडतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतात, आणि प्रत्येक दोषावरून थोडा प्रकाश मागे परततो. जमीन थरथरली की तंतू केसाच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. तो कुठून परतला हे वेळेवरून कळतं. म्हणजे वेगळं काही न बसवता, आधीच पुरलेल्या केबलचा वीत वीत तुकडा एकेक कान होतो.

ढिगाऱ्याखाली कुणी दगडानं ठोकत असेल तर ते ऐकणं सोपं. कानोसा त्याच्या पुढे जातो. स्लॅबला टेकून पडलेल्या माणसाची छाती श्वासागणिक काँक्रीटला अगदी किंचित ढकलते. ही हालचाल शेजारच्या गल्लीतल्या रिक्षाच्या मानानं जवळजवळ शून्य असते, पण ती ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा येते. गोंगाटाला लय नसते. म्हणून श्वास एकमेकांवर रचत गेलं की ते वाढतात आणि गोंगाट आपापसात कटतो. अट एकच: गोंगाट मुळात आवाक्यातला हवा. वरातीत शेजाऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत नाही, रात्रभर कान लावला तरी. त्या यंत्राला अर्धा किलोमीटर परिसरात पुरती दोन मिनिटं शांतता लागते. तेवढंच लागतं. विज्ञानानं आपलं काम केलं होतं. उरलेलं काम नागरिकांचं होतं.

यंत्रणेत शांततेसाठी भोंग्याची तरतूद होती. भोंगा झाला की सगळ्यांनी असेल तिथे थांबायचं, यंत्रं बंद करायची, बोलायचं नाही. पहिल्या संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा लोक तंबूंतून बाहेर येऊन एकमेकांना विचारू लागले की हा भोंगा कशाचा. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते रिक्षावर कर्णा लावून गल्लोगल्ली "शांतता राखा, शांतता राखा" असं ओरडत फिरले. तिसऱ्यांदा हवाई पाहणीचं हेलिकॉप्टर आलं. वाहिन्यांचे वार्ताहर भोंगा होताच आवाज खाली आणत आणि कॅमेऱ्याला कुजबुजून सांगत की आता इथे कमालीची शांतता आहे. त्यांच्या मागे त्यांच्याच गाडीचा जनरेटर चालू असे. प्रत्येकाला शांतता पटत होती. फक्त ती दुसऱ्यांनी पाळायची होती.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. नाल्यापलीकडच्या वस्तीत, जिथे ना पुढारी गेला ना कॅमेरा, कानोसा पहिल्याच संध्याकाळी चालला. पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. तिथली माणसं वस्तीनं पहारींनी आणि हातांनी काढली, कारण सगळे पोकलेन आणि जेसीबी जिथे वशिला होता तिथे उभे होते. वशिला असलेल्या इमारतींवर इतके लोक मदतीला जमले होते की आत कोण श्वास घेतोय हे कळायची सोय उरली नव्हती.

सगळ्यांत जास्त गर्दी पद्मावती पार्कला होती.

दोन दिवस मी आणि इम्तियाज बागवाननं त्या गल्लीच्या तोंडाशी, केबलच्या लोखंडी पेटीजवळ गाडी लावून प्रयत्न केले. इम्तियाज या शहराच्या केबलजाळ्याचा मुख्य इंजिनिअर. माझ्याच वयाचा, आणि त्याचं स्वतःचं घर पडलेलं. तो पडद्याकडे बघून म्हणे, "हे बघा मॅडम, ही खिचडीची रांग. ही आरती. आणि हा ठोका म्हणजे तुमचे अण्णा माइकवर बोलतायत."

तिसऱ्या दिवशी आपत्ती नियंत्रण कक्षातून विचारणा झाली, पद्मावती पार्कचं काय. पडद्यावर दोनच रंग होते. हिरवा म्हणजे जिवंत माणूस, करडा म्हणजे निरंक. यंत्रणा तयार होत असताना मी तिसरा रंग मागितला होता, पिवळा: 'ऐकताच आलं नाही'. त्या बैठकीत एका सचिवांनी मला समजुतीच्या सुरात विचारलं होतं, "मॅडम, पिवळा म्हणजे काय हे वरती कोण सांगणार? आहे की नाही, तेवढं द्या." त्यामुळे जिथे आम्हाला काहीच ऐकता आलं नव्हतं त्या सगळ्या इमारती करड्या झाल्या. निरंक हा शब्द कार्यालयांना फार प्रिय आहे. तो लिहिला की कागद पुढे सरकतो. इथे पोकलेन पुढे सरकत होता.

शेजारची इमारत अशीच निरंक ठरून चौथ्या दिवशी सकाळी सपाट केली गेली. तिथे आधी कोणी होतं का, हे आता कधीच कळणार नाही. ती जागा मोकळी झाल्यामुळे दुपारी तिथे मांडव उभा राहू लागला.

मी अण्णाला भेटायला गेले. तो मदत केंद्राच्या तंबूत फोनवर होता. पांढरे कपडे, दाढी वाढलेली. बायको ढिगाऱ्याखाली असताना लोकांसाठी राबणारा नगरसेवक, अशी त्याची बातमी दोन दिवस सगळीकडे चालू होती. ती खोटी नव्हती. तो खरंच राबत होता आणि त्याला खरंच झोप नव्हती. पण बातमी झाल्यावर तो थोडा बातमीसारखा वागायला लागला होता.

"अण्णा, मांडव कशाचा?"

"शोकसभा. चारला पालकमंत्री येणारेत." त्यानं फोन खिशात टाकला. "सभा झाली की त्यांच्याच हस्ते नारळ फोडायचा आणि आपल्या इमारतीचं काम सुरू करायचं."

"कसलं काम?"

"मलबा हटवायचं."

ढिगारा उपसण्याच्या शुभारंभाला नारळ. या शहरात गटारालाही नारळ फुटतो.

"त्याआधी मला शांतता दे. स्पीकर, जनरेटर, त्या चॅनेलच्या गाड्या, सगळं बंद कर. लोकांना हलव."

"लोकांना काय म्हणून हलवू? हौसेनं आलेत व्हय ते? पद्मासाठी आलेत."

"मग पद्मासाठी जाऊ देत."

"त्रिशला, तुझ्याच यंत्रानं निरंक दिलंय."

"यंत्राला ऐकू आलं नाही. ती नाही असं यंत्र म्हणालेलं नाही."

"एकच की ते."

"एक नाही. तू आत्ता फोनवर होतास तेव्हा मी तुला तीनदा हाक मारली. ऐकू आली?"

"नाही."

"म्हणजे मी नव्हते?"

त्यानं तंबूच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बघ, मी तिला मनातनं पोचवून आलोय. आता परत आशा लावू नकोस. परत एकदा पोचवायची ताकद नाही माझ्यात." चार दिवसांत कोणी ऐकावं म्हणून न बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं. तेवढ्यात एका कार्यकर्त्यानं तंबूत डोकं घातलं.

"अण्णा, बॅनरला वैनींचा कुठला फोटो घेऊ? हळदीकुंकवाचा का वॉर्डसभेचा?"

"हळदीकुंकवाचा घे," अण्णा म्हणाला. "त्यात हसतीय."

मी गाडीकडे परतले. इम्तियाज दाराशी उभा राहून मांडवाची कनात लागताना बघत होता.

"काय म्हणाले?"

"नारळ फोडणार आहेत."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत सपाट." त्यानं मान हलवली. "या गावाला गप्प करायचं म्हणजे मॅडम, कोणीतरी मेलेलंच पाहिजे."

तो उद्वेगानं बोलला होता. पण मी ते वाक्य तसं ऐकलं नाही. शोकसभेच्या शेवटी श्रद्धांजली असते आणि श्रद्धांजलीला सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. जिवंत माणसांसाठी जे चार दिवस मिळालं नव्हतं ते मेलेल्यांसाठी रिवाजानंच मिळणार होतं. शिवाय मंत्री यायचे म्हणून पोलिसांनी दुपारपासून तीन रस्ते बंद केले होते, खिचडीचा तंबू आणि वाहिन्यांच्या गाड्या लांब हलवल्या होत्या आणि आसपासची सगळी यंत्रं थांबवली होती. आम्ही भोंगा वाजवून जे मागत होतो ते एका ताफ्यासाठी न मागता झालं होतं.

दोन अडचणी होत्या. एक म्हणजे मंचामागे ट्रॉलीवर ठेवलेला जनरेटर. तो चालू असेपर्यंत काहीही ऐकू येणार नव्हतं. दुसरी अडचण सगळ्यांना ठाऊक असते, फक्त कोणी बोलत नाही: आपल्याकडे श्रद्धांजलीची दोन मिनिटं कधीच दोन मिनिटं नसतात. माना खाली जातात, कोणीतरी खोकतं, आणि पाऊण मिनिट व्हायच्या आत माइकवरून "ओम शांती" येतं. लोक हायसं वाटून बसतात. मृतात्म्याला कोणी घड्याळ दाखवत नाही.

सूत्रसंचालक होते प्राध्यापक सरनोबत. शहरातल्या लग्नांना, जयंत्यांना आणि शोकसभांना त्यांचा एकच भरदार आवाज पुरत असे. मी त्यांना मंचाच्या पायरीशी गाठलं.

"सर, श्रद्धांजली पूर्ण दोन मिनिटं होऊ द्या."

"दोनच मिनिटं असते, मॅडम."

"घड्याळी दोन मिनिटं."

ते जरा दचकले. "घड्याळी? अहो, लोक चुळबुळ करतात. आणि साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना किती उभं ठेवायचं?"

"खाली माणूस असू शकतं, सर."

"त्यांच्या आत्म्याला शांती लाभो," सरनोबत भक्तिभावानं म्हणाले आणि माइक तपासायला गेले.

मग मी कोणालाच काही विचारायचं नाही असं ठरवलं. इम्तियाजला म्हटलं, "तुम्ही पडद्यापाशी थांबा. मी जनरेटरपाशी जाते."

त्यानं मला नीट पाहून घेतलं. "मंत्र्यांच्या सभेत लाइट घालवणार? लाइव्ह चाललंय. कळलं तर तुमची नोकरी राहते का?"

"आणि नाही घालवले तर?"

तो गाडीत शिरला आणि त्यानं दार लावून घेतलं.

सभा ठरल्याप्रमाणे झाली, म्हणजे उशिरा. मंचावर मृतांचे फोटो एका रांगेत होते. वैनीचा मधोमध आणि आकारानं मोठा. पालकमंत्र्यांनी शहराच्या धीराचं कौतुक केलं आणि शासन खंबीरपणे पाठीशी आहे असं सांगितलं. मी जनरेटरला टेकून उभी होते, म्हणून त्यांचे काही शब्द चुकले असतील. ते मागच्या वर्षीच्या पुरात ऐकलेले असल्यानं अर्थ लागत होता.

मग अण्णा बोलायला उभा राहिला. तो चांगला वक्ता आहे. "माझी पद्मा," तो म्हणाला आणि थांबला. ते थांबणं खरं होतं. नंतर मात्र सवयीनं त्याचा हात वर गेला आणि आवाज चढला. "तिनं मला कधी विचारलं नाही की तुम्ही घरी किती वाजता येता. तिनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आज ती वरून बघत असेल आणि म्हणत असेल, माझ्यासाठी थांबू नका, लोकांच्या कामाला लागा." बायका डोळे पुसत होत्या. त्याचा प्रत्येक शब्द चार मोठ्या स्पीकरमधून शेजारच्या ढिगाऱ्यावर आदळत होता.

सरनोबतांनी माइक घेतला. "आता आपण सर्वजण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून दिवंगतांना श्रद्धांजली वाहू या."

हजारभर माणसं उभी राहिली. खुर्च्यांचा खडखड आवाज संपेपर्यंत मी थांबले. मग जनरेटरचं लाल बटण दाबलं.

इंजिन दोन-तीनदा धापलं आणि बंद झालं. मंचावरचे दिवे गेले, स्पीकरमधली घरघर गेली. ती घरघर चार दिवस आपण ऐकत होतो हे ती गेल्यावर कळलं. भूकंपापासून पहिल्यांदाच त्या गल्लीत शांतता झाली.

आता जे झालं ते मी आखलेलं नव्हतं. सरनोबतांनी मनातल्या मनात आपली नेहमीची दोन मिनिटं मोजली आणि माइकवर "ओम शांती" म्हटलं. माइक मेलेला होता. त्यांचे ओठ हलले, पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा काही पोचलं नाही. त्यांनी माइकला टिचकी मारली. लोकांनी माना आणखी खाली घातल्या. पुढच्या रांगेतले नगरसेवक डोळ्यांच्या कोपऱ्यातून मंत्र्यांकडे बघत होते. मंत्री बसल्याशिवाय कोण बसणार? मंत्री सरनोबतांकडे बघत होते. सूत्रसंचालकानं सांगितल्याशिवाय, तेही कॅमेऱ्यासमोर, शोक आधी कसा संपवणार? अधिकारी दोघांकडे बघत होते. शेवटच्या रांगेतल्या माणसांना काही दिसत नव्हतं, म्हणून ते पुढच्यांच्या पाठी बघत उभे होते. एवढ्या गर्दीत एकाचीही पहिल्यांदा खाली बसायची छाती नव्हती. आदरानं जे कधी साधलं नसतं ते भिडेनं साधत होतं.

मंत्र्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. सरनोबतांनी माइक खाली धरला आणि छाती भरून घेतली. ते आता मोठ्यानं म्हणणार हे मला दिसलं. त्यांचा आवाज स्पीकरशिवायही शेवटपर्यंत गेला असता.

तेव्हा अण्णानं मान वळवली आणि मंचामागे, जनरेटरच्या झाकणावर हात ठेवून उभी असलेली मी त्याला दिसले. त्याला सगळं समजलं. मला वाटलं तो ओरडेल. त्यानं सरनोबतांचं मनगट धरलं आणि मान हलवली, नाही म्हणून. सरनोबतांनी श्वास तसाच सोडून दिला. अण्णा त्यांचं मनगट धरून उभा राहिला, डोळे मिटून. त्या वेळी तो भाषण करणारा माणूस दिसत नव्हता.

किती वेळ गेला मी पाहिलं नाही. शेवटी मंत्र्यांच्या स्वीय सहायकाच्या खिशातला फोन एका उडत्या चालीच्या गाण्यात वाजला. मंत्री स्वतःच "ओम शांती" पुटपुटले आणि खाली बसले. त्यांच्यामागे हजार खुर्च्या बसल्या.

मी गाडीकडे चालत गेले. इम्तियाजनं दार उघडलं. तो रडत होता आणि ते लपवत नव्हता.

"आहे," तो म्हणाला. "श्वास आहे. उथळ, पण एका लयीत. हा बघा."

पडद्यावर हिरवा ठिपका होता. इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात, पार्किंगच्याही खाली.

"आणि मागच्या इमारतीत काहीतरी आहे," तो म्हणाला. "ठोकल्यासारखं. पण नक्की व्हायच्या आत तो फोन वाजला. आणखी एकदा शांतता पाहिजे."

अण्णा मंचावरून उतरून पोचला होता. त्यानं पडदा पाहिला. "तीच का?"

"माणूस आहे. यंत्र नाव सांगत नाही."

"पण ती तिथं कशाला जाईल? ती स्वयंपाकघरात असणार, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवसापासनं मी पथकाला तेच सांगतोय."

गर्दीतून त्याच इमारतीतल्या कोलेकाकू पुढे आल्या. वरच्या मजल्यावरून त्या पहिल्याच दिवशी सुखरूप बाहेर आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. "तिथं पंपाची खोली आहे, अण्णा. सकाळी पाणी सोडायला जाते ती."

"वॉचमन सोडतो की पाणी."

"वॉचमन दिवाळीलाच सोडून गेला. तेव्हापासनं बारा घरांचं पाणी पद्मा सोडते. तुम्हाला काय वाटलं, टाकी आपोआप भरते?"

चार दिवस बचाव पथक अण्णानं दाखवलेल्या जागी, रिकाम्या स्वयंपाकघराच्या दिशेनं, स्लॅब कापत होतं.

पथकानं बाजू बदलली. पोकलेन लांब नेला. मंत्री निघाले नाहीत. कॅमेरेही थांबले होते. सजवलेला नारळ मंचावर तसाच राहिला. पंपाची खोली लहान होती आणि तिच्या चारही बाजूंना भिंती होत्या, म्हणून ती टिकली होती. तिच्या तळाशी जमिनीतली टाकी फुटली होती आणि पाणी गुडघ्याएवढं साठलं होतं. त्या पाण्यानंच तिला जगवलं. अंधार पडायला लागला तेव्हा एका जवानानं भोकातून डोकं बाहेर काढलं आणि सांगितलं, बाई आहेत, बोलतायत.

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा गर्दीनं एकच गलका केला. चार दिवस ज्यांना शांतता पाळता आली नव्हती त्यांना आता ती पाळायचं कारणही उरलं नव्हतं. "श्रेणिकअण्णांचा विजय असो" सुरू झालं. विजय कशावर ते कोणी सांगितलं नाही. मंत्र्यांनी वार्ताहरांना सांगितलं की शासनानं शेवटपर्यंत आशा सोडली नव्हती. मागे कोणीतरी जनरेटर पुन्हा चालू केला, आणि माझ्या पायाशी थरथर परत आली. केबलला ती माझ्याआधी कळली असणार. इम्तियाज गाडीच्या दारातून हातानं सगळ्यांना खाली बसा, गप्प बसा असं खुणावत होता. लोक त्याला हात हलवून उत्तर देत होते.

वैनीचा चेहरा सिमेंटनं पांढरा झाला होता, ओठ फुटले होते. अण्णा तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. तिनं त्याला पाहिलं, ओळखलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मी तिच्या पलीकडच्या बाजूला होते, म्हणून मला ऐकू आलं.

"सगळं ऐकू येत होतं मला," ती म्हणाली. आवाज खरखरीत, जवळजवळ नुसती हवा. "ओरडले की तुमचा स्पीकर सुरू व्हायचा. थांबले की बंद व्हायचा. मग ओरडायचंच सोडून दिलं."

"पद्मा," तो म्हणाला.

"काही मागितलं नाही म्हणे मी." तिनं थोडा वेळ श्वास घेतला. "चार दिवस एकच मागत होते. गप्प बसा."

अण्णानं तोंडावर हात ठेवला.

"मागच्या भिंतीपलीकडं कुणीतरी ठोकतंय," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासनं. आज फार हळू ठोकतंय. आता तरी गप्प बसा."

तिला रुग्णवाहिकेत चढवलं. अण्णा तिच्यामागे गेला नाही. तो तिथेच उभा राहिला आणि गर्दीकडे वळला, आणि गर्दीला वाटलं तो बोलणार. कोणीतरी पळत जाऊन त्याला माइक आणून दिला. रस्त्याच्या मधोमध त्याच्या कार्यकर्त्यांनी फटाक्यांची लांबलचक माळ पसरली होती आणि तिचं एक टोक पेटलं होतं. कडकडाट त्याच्याकडे सरकत येत होता.

त्यानं माइक खाली टाकला, चार पावलं पुढे गेला आणि जळत्या माळेवर दोन्ही पायांनी उभा राहिला.